शोभेचे साडेसोळा हजार

कोजागिरीनंतरचा पहिला रविवार, सकाळची वेळ, जागा आमच्या गावातला मारुतीचा पार. रक्कम एकाहत्तर हजार चारशे रुपये. हजर चौदा खातेदार, प्रत्येकी पाच हजार एकशे देणारे. शिवाय तालुक्याहून बोलावलेला एक फोटोवाला आणि पोह्यांच्या वासानं आलेली दोन कुत्री. त्या वर्षी ज्यांचं पीक पाण्यात गेलं त्यांच्यापैकी कोणी हजर नव्हतं. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, आणि ते वावरात होते.

हे आज आठवायचं कारण साधं आहे. यंदा पाऊस शहाण्यासारखा वेळेवर गेला आणि घरामागच्या वावरात सोयाबीनचा हडंबा चालू झाला. हे मळणीचं यंत्र सुरू झालं की तासाभरात सगळ्या आळीवर भुसा बसतो. पाण्याच्या माठावर, पापण्यांवर, दुरडीतल्या भाकरीवर. बायको दारं लावून घेते आणि मी उघडतो. मला तो वास हवा असतो. कोरडा, खरखरीत, घशात अडकणारा वास. त्या वर्षी तो आलाच नाही. त्या वर्षी वेगळाच वास होता, आणि तो अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

पोळ्यापासून जो पाऊस लागला तो दसरा आला तरी हटेना. सोयाबीन पिवळं पडलेलं, शेंगा भरलेल्या, आणि वरून पाणी. शेवटी उभ्या झाडावर शेंगेच्या फटीतून पांढरे कोंब बाहेर आले. वावरात शिरलं की आंबलेल्या पिठासारखा वास यायचा आणि पायाखाली काळी माती बुटाला अशी धरायची की दहा पावलांत माणूस चार बोटं उंच व्हायचा. कपाशीची खालची बोंडं काळी पडून कुजली. दसऱ्याला झेंडू घेतला तर देठातून काळं पाणी बोटांवर आलं. घरात काडेपेटी पेटत नव्हती. बायको गॅसच्या उबेला माझे शर्ट धरून वाळवायची आणि म्हणायची, "आता आपल्याले बी कोंब फुटतीन, पाहा."

मी पिंपळगाव राजाच्या अलीकडच्या गावात राहतो आणि खामगावला एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. पाच एकर वडिलोपार्जित जमीन आहे. ती मी कसत नाही. कौसाबाई आणि तिचा नवरा ती ठोक्यानं करतात. ठोका म्हणजे वर्षाचं ठरलेलं भाडं, आगाऊ. गुढीपाडव्याला पारावर चार माणसांच्या देखत बोली होते, मालक पैसे घेतो, दोघांच्या तोंडात गुळाचा खडा पडतो आणि पुढच्या पाडव्यापर्यंत वावर त्याचं, जो पेरील. कागद नाही. कागद कोणीच करत नाही, कारण कागद केला की उद्या कूळ लागेल आणि जमीन जाईल, ही भीती आमच्याकडच्या प्रत्येक मालकाला बाळकडूतच पाजलेली असते. ठोका मीही त्या पाडव्याला पुरता मोजून घेतला होता. सांगायचा मुद्दा इतकाच, की पाऊस पडला तेव्हा माझा एक रुपयाही त्या वावरात नव्हता. बियाणं कौसाबाईचं, खत तिचं, निंदण तिचं, फवारणी तिच्या नवऱ्याच्या पाठीवर.

पंचनाम्याच्या दिवशी मात्र मला बोलावणं आलं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्री धरून सरकारी कर्मचारी उभा होता. चांगला माणूस होता, तीन दिवस ओलाच फिरत होता बिचारा. त्याला मोबाईलवर फोटो काढायचा होता: मालक आणि त्याच्या मागे वाया गेलेलं पीक. मी खामगावला जायचे बूट घालून चिखलात उतरलो आणि आयुष्यात कधी न पेरलेल्या पिकापुढे दुःखी चेहऱ्यानं उभा राहिलो.

"मालक तेवढे राहू द्या, बाकीचे बाजूला व्हा," तो म्हणाला.

बाकीचे म्हणजे कौसाबाई. ती बाजूला झाली आणि तिथून म्हणाली, "भाऊ, जराक इकडं सरका. तुमच्या पायाखाली दोन झाडं जित्ती हायेत."

मी सरकलो. फोटो निघाला. ती दोन झाडं पुढं जगली की नाही, मला माहीत नाही. पैसे मात्र आले. कोजागिरीच्या आधी एका दुपारी जिनिंगमध्ये मोबाईल वाजला: सतरा हजार रुपये जमा. पाच एकरांचं अनुदान. कापसाच्या गाठींमध्ये बसून मी तो संदेश दोनदा वाचला. कोणीतरी दुसऱ्याचं टपाल माझ्या दारात टाकून गेल्यासारखं वाटलं.

गावात त्या संध्याकाळी सगळे मोबाईल वाजले होते. कृषी केंद्राचे मालक सुरेशशेठ पारावर म्हणाले, "यवढ्यात धड टीव्ही बी येत नाही बे." निवृत्त मुख्याध्यापक प्रल्हाद सर, ज्यांना पेन्शन आहे, शहरात दोन गाळे आहेत आणि गावात आठ एकर ठोक्यानं दिलेलं आहे, त्यांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "खरं पाहिलं तर आपल्याला याची गरज नाही. हा जास्तीचा पैसा आहे. तिकडे मेहकरकडे नदीकाठी लोकांची घरं गेली. आपण काहीतरी केलं पाहिजे."

वाक्य चांगलं होतं. वाईट माणसं वाईट बोलली तर सोपं असतं, ऐकणारा सावध होतो. आमच्या गावातली अडचण अशी की इथं वाईट काम करताना फार चांगलं बोलतात. जास्तीचा पैसा! सरांच्या घरात जास्तीचा होता, हे खरंच. पण तो जास्तीचा का होता, हे एकानंही विचारलं नाही. ठोका आधीच खिशात आणि वरून पिकाची भरपाई. एकाच वावराचे दोनदा पैसे आल्यावर दुसरा जास्तीचा वाटणारच.

म्हणून तो रविवार. सरांनी समिती केली, समितीचे अध्यक्ष सर झाले, पोहे आले. प्रत्येकानं पाच हजार एकशे द्यायचे ठरले. एकशे कशाला, तर पाच हजार नुसते शुभ दिसत नाहीत म्हणून. बाकीचं अनुदान ज्याचं त्याच्याकडे. हेही सगळ्यांना शुभच वाटलं.

मी म्हणालो, "सर, आपल्या चौदांपैकी अकरा जणांची वावरं ठोक्यानं आहेत. ठोका आपण पाडव्यालाच घेतला. आपलं गेलं काय?"

"मंग?" सुरेशशेठ.

"मंग ज्यानं पेरलं त्याचं गेलं. हे पैसे त्याचे आहेत."

पारावर सगळे एकदम पोह्यांतले शेंगदाणे निवडून खाऊ लागले. मग सुरेशशेठ जवळ सरकले. लहान मुलाला विस्तव दाखवावा तसं ते मला समजावू लागले. "भाऊ, तुमी आज देसान. उद्या थो तहसीलात जाईन अन् सांगन, पाहा साहेब, मालकानं सोताहून मले भरपाई देल्ली, म्हंजे कूळ मीच. मंग बसा बोंबलत. मी तं दसऱ्यालेच माह्या मानसाले अर्धा ठोका वापस केला अन् वावर काढून घेतलं. रब्बीच्या बियान्याचे बी पैसे येऊन राह्यले म्हनतात सरकारचे. कायले लचांड?"

म्हणजे हिशेब असा: ज्यानं खरिपात मार खाल्ला त्याला रब्बीत उभंच राहू द्यायचं नाही, कारण रब्बीचं अनुदानही मालकाच्याच खात्यात येणार. आणि हे बोलणारा माणूस पाचच मिनिटांपूर्वी मेहकरकडच्या लेकरांबाळांसाठी हळवा झाला होता. दूरच्या दुःखाला एक सोय असते. ते पाडव्याला दारात येऊन उभं राहत नाही.

सर म्हणाले, "विषय पूरग्रस्तांचा आहे. मन मोठं ठेवा."

मी पाच हजार एकशे काढून ठेवले आणि सांगितलं, "हे माझ्या पगारातले. अनुदानाचे सतरा हजार वेगळे आहेत."

"पैशाला काय कुंकू लावलेलं असतं का, हा कोणाचा म्हणून?" सर हसले. सगळे हसले. सरांच्या विनोदाला हसायची आम्हाला चौथीपासून सवय आहे.

हिशेब मी ठेवतो म्हणून मला मदतीच्या पिशव्यांच्या टेम्पोबरोबर जावं लागलं. मेहकरकडची ती वाट मला चांगली लक्षात आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वावरं नव्हतीच, माती वाहून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला होता. झाडांच्या फांद्यांवर, माणसाच्या डोक्याहून उंच, कडबा आणि साडीची एक किनार अडकलेली. इतकं पाणी तिथून गेलं होतं. टेम्पोतली माणसं ती किनार मागं पडेपर्यंत मान वळवून पाहत राहिली. मग कोणीतरी बॅनर कुठं लावायचा हा प्रश्न काढला आणि सगळ्यांना बरं वाटलं.

पूर आलेल्या गावात पिशव्या उतरवल्या. पीठ, साखर, तेल, चहापत्ती, साबण. लोकांनी रांगेत उभं राहून नम्रपणे घेतल्या. ओसऱ्यांवर इतर गावांहून आलेल्या तसल्याच पिशव्या आधीच रचलेल्या दिसत होत्या. एका म्हाताऱ्याला पुढं करून फोटो काढला. त्यात बॅनरवरचे सर आले नाहीत म्हणून दुसरा काढला. दुसऱ्यात सर आले पण पिशवी आली नाही. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्यानं विचारलं, "आता हसू का?"

मग पिशवी खाली ठेवून तो म्हणाला, "मानसाचं लय आलं बाप्पा. कोनाचं नाव ठिवायचं नाही. पन ढोराचं काई आनलं का? कुटार?"

मागे गोठ्यात दोन बैल रिकाम्या गव्हाणीला तोंड लावून उभे होते. आमच्या उंचवट्यावरच्या गावात मागल्या सालच्या तुरीचं कुटार, मळणीतला भुसा, घरोघर पडून होतं. फुकट. टेम्पोत सहज मावलं असतं. पण कुटारावर समितीचं नाव छापता येत नाही, म्हणून ते कोणाला सुचलं नव्हतं.

"पुढच्या वेळी नक्की," सर म्हणाले.

परत येताना मी झालेला आणि ठरलेला खर्च मांडला. ऐंशी पिशव्या, एकेक पाचशे ऐंशीची: शेहेचाळीस हजार चारशे. टेम्पो साडेआठ हजार. मग बॅनर दोन, चोवीसशे. समारोपाचा मांडव आणि माइक, चार हजार. शाली आणि नारळ, छत्तीसशे, कारण देणाऱ्यांचा सत्कार व्हायला हवा. पोहे आणि समारोपाची जिलेबी, साडेसहा हजार. टेम्पो सोडून द्या, तो लागतोच. उरले साडेसोळा हजार, निव्वळ शोभेचे. कौसाबाईच्या पाच एकरांची भरपाई सतरा हजार. इतकं जवळ आलेलं पाहून मी पुन्हा बेरीज केली. बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी वावरात गेलो. पाऊस उघडला होता. कौसाबाई आणि तिचा नवरा कुजलेलं सोयाबीन उपटून ढीग लावत होते. एक ढीग पेटवला होता, पण तो जळत नव्हता, नुसता पांढरा धूर सोडत होता. मोकळ्या केलेल्या पट्ट्यात मातीला वाफसा येत होता. हातात घेतली तर चिकटत नव्हती, फुटत होती. हरभऱ्यासाठी याहून चांगली वेळ नसते, आणि ही वेळ आठवडाभराची पाहुणी. तेवढ्यात पेरलं तर वर्षाचा ठोका थोडातरी निघणार होता. नाहीतर सगळं वर्ष मातीत.

मी पाकीट पुढं केलं. "कौसाबाई, हे सतरा हजार. अनुदानाचे. तुमचे आहेत."

तिनं पाकिटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि हात मागं घेतले.

"काऊन?"

"काऊन म्हणजे? पीक तुमचं होतं."

"मी नाही घेत भाऊ. मले सारं समजते. शेठनं बी असेच पैसे हातात देल्ले त्या मानसाले, अन् वावर काढून घेतलं. तुमी मले बियान्याच्या टायमाले पैसे देऊन राह्यले, म्हंजे वावर खाली करा म्हनता. मी हरभरा पेरल्याबिगर वावर सोडत नाही. पाडव्यालोक माहं हाय. गूळ खाल्ला होता तुमी."

तिचा आवाज चढला नव्हता, पण हातातला विळा तिनं खाली ठेवलेला नव्हता. तिच्या नवऱ्यानं तेवढंच म्हटलं, "हाव."

मी तिथं चिडलो. तिच्यावर नाही. माझी गोष्ट खरी असून ती तिला खरी वाटायला जागा उरली नव्हती, यावर चिडलो. आमच्या गावात मालकानं पैसे परत केले तर त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो अर्थ आम्हीच पिढ्यान्‌पिढ्या घडवलेला आहे. आम्ही लोकांना असं शिकवलंय की मालकाचा हात पुढं आला तर आधी पाय रोवा. आणि मग आम्हीच पारावर बसून म्हणतो, या लोकांना कोणी चांगलं केलेलं कळत नाही.

"वावर तुमचंच आहे, पाडव्यापर्यंत. मी सांगतो ना."

"इथी नोका सांगू. इथी आयकाले कोन हाय, हे ढीग? चार मानसांत सांगा. पारावर. बोली तिथी झालती ना?"

बरोबर बोलत होती ती. माझ्या चांगुलपणावर तिनं का विश्वास ठेवावा? चांगुलपणा हा काही जामीन नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "चार मानसांत म्हनते तं सांगा. का तुमाले बी कुळाची भीती लागली?"

"सर चिडतील."

"चिडू द्या. लय दिवस झाले, त्याईले कोनं चिडवलंच नाही."

समारोप दिवाळीच्या आधीच्या रविवारी पारावरच होता. मांडव, माइक, चौदा शाली. एकेकाचं नाव पुकारलं जायचं, तो वर जायचा, शाल घ्यायचा, फोटो व्हायचा. सुरेशशेठ वर गेले तेव्हा सर माइकवर म्हणाले, "दातृत्वाचा आदर्श." ज्याचं वावर काढून घेतलं तो माणूस त्या वेळी मांडवाच्या कडेला शेठच्याच पोत्यांवर बसला होता. त्यानंही टाळ्या वाजवल्या. शेठच्या दुकानात आता तो हमाली करतो.

माझं नाव आल्यावर मी वर गेलो आणि शाल घेण्याऐवजी माइक घेतला. मला भाषण येत नाही. मी म्हणालो, "माझं पाच एकर वावर कौसाबाईकडं ठोक्यानं आहे, पाडव्यापर्यंत. ते काढून घेणार नाही. त्या वावराचं अनुदान सतरा हजार, पीक कौसाबाईचं म्हणून कौसाबाईचं. चार माणसांत देतो आहे. कौसाबाई, या."

ती बायकांमधून उठली आणि पदर खोचत आली. वर आली नाही, ओट्याच्या खालीच उभी राहिली. मीच खाली उतरलो. तिनं पाकीट घेतलं आणि सगळ्यांसमोर, बोटाला थुंकी लावून, नोटा मोजल्या. तोवर सगळ्यांनी मनात तिच्याबरोबर नोटा मोजल्या. सर मात्र सर आहेत, त्यांनी स्वतःला सावरलं.

"वा! आपल्या गावातल्या गरजूलाही मदत! कौसा, इकडं ये, बॅनरखाली उभी राहा. फोटो घे रे."

"मी कायले?" कौसाबाई म्हणाली. "मी काय पुरात वाहून आलती का? हे माह्या सोयाबीनचे पैसे हायेत. फोटो काढाचा तं सोयाबीनचा काढा, सडून पडलं हाय तिकडं."

बायका हसल्या. फोटोवालाही हसला. मग ती माझ्याकडं वळली. "बोली झाली तं गूळ पाह्यजे, भाऊ."

गूळ कुठून आणणार? कौसाबाईनं आजूबाजूला पाहिलं, समितीच्या परातीतून एक जिलेबी उचलली, मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि अर्धी स्वतः खाल्ली. "गूळ नाही तं हे चालन," ती म्हणाली आणि निघाली. त्याच दुपारी तिचा नवरा बियाणं आणायला पिंपळगावला गेला. शेठच्या दुकानातून त्यानं घेतलं नाही.

यंदा घरामागं चाललेला हडंबा कौसाबाईचाच आहे. त्यानंतरचे दोन्ही पाडवे तिनंच ठोका घेतला. दोन्ही वेळा भाव पाडून मागितला, आणि दोन्ही वेळा मी दिला. बाकी दहा मालकांपैकी एकानंही दमडी दिली नाही. दोघातिघांनी मात्र मला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं, "काय मंग, कूळ लागलं का?" मी नाही म्हणालो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थोडी निराशाच दिसली. तो बॅनर सरांनी घरी नेला होता. परवा पाहिलं, त्यानं त्यांचं कुटार झाकलं आहे. बॅनरवरचे सर उलटे, आभाळाकडं पाय करून हसत आहेत. एवढ्या खर्चात तोच एक कामाला आला.

गव्हाणीला तोंड लावून उभे असलेले ते दोन बैल मला अजून दिसतात. पुढची वेळ आली नाही. मी एकट्यानंही कुटार पाठवू शकलो असतो, पाठवलं नाही, आणि त्याचा हिशेब कुठंच मांडलेला नाही.

जो मांडला तो असा. समितीला पाच हजार एकशे, माझ्या पगारातून. शाल घेतली नाही. कौसाबाईला सतरा हजार, पाराच्या ओट्याखाली, चार माणसांत, तिनं स्वतः मोजून घेतलेले. अधिक एक जिलेबी, अर्धी तिला, अर्धी मला, समितीच्या खर्चातून.